हॉस्पिटलच्या कागदांवरची लघुरूपं: कोकणातल्या छोट्या हॉस्पिटलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलांमध्ये रेकॉर्डच्या कामासाठी माझं जाणं-येणं असतं. सिस्टर, आरएमओ (निवासी डॉक्टर), फार्मसिस्ट, रेकॉर्ड क्लार्क आणि क्लेम भरणारी मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी माणसाच्या जिवाशी गाठ असते.

लघुरूपं तर सगळेच वापरतात. मग अडचण कुठे येते?

कागद हॉस्पिटलच्या बाहेर पडला की येते. वॉर्डात 'एनबीएम' (तोंडानं काही द्यायचं नाही) लिहिलेलं कोणत्याही सिस्टरला कळतं, आणि नाही कळलं तर लिहिणारा डॉक्टर दोन खोल्या पलीकडे असतो. पण आपल्याकडचा पेशंट आपल्याच हॉस्पिटलात बरा होईल याची खात्री नसते. कुडाळ-सावंतवाडीचा पेशंट गोव्यात बांबोळीला जातो, रत्नागिरीचा आंबा घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणचा कुंभार्लीवरून कऱ्हाडला किंवा थेट मुंबईला. रात्री दोन वाजता तिथे फाईल उघडणाऱ्या डॉक्टरपुढे फक्त आपला कागद असतो. विचारायला फोन लावावा तर लिहिणाऱ्याची ड्यूटी संपलेली असते.

उलट दिशेनंही हेच होतं. गणपतीला आलेल्या चाकरमान्याची जाडजूड फाईल मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलची असते. छातीत दुखतं म्हणून तो मध्यरात्री दापोलीच्या छोट्या दवाखान्यात येतो आणि त्या फाईलमधली निम्मी अक्षरं आपल्याला लागत नाहीत. हा अनुभव प्रत्येकाला आहे. आपला कागद दुसऱ्याला कसा दिसत असेल, ते त्यावरून ओळखावं.

एका लघुरूपाचे खरोखर इतके वेगळे अर्थ निघतात?

भातलावणीच्या दिवसांतलं उदाहरण घ्या. 'एसबी' म्हणजे सर्पदंश. लेबर वॉर्डात 'एसबी' म्हणजे मृत जन्मलेलं बाळ. राउंडच्या नोंदीत 'एसबी' म्हणजे अमुक डॉक्टरांनी तपासलं. सर्जनच्या चिठ्ठीत तेच लहान आतडं होतं. आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या पुस्तकात सर्पविषाची बाधा टी६३.० या कोडखाली जाते आणि कारण न समजलेला गर्भमृत्यू पी९५ खाली. अक्षरं दोन, आणि अर्थ एकमेकांपासून कोसभर लांब.

'पीआयडी' तर आपल्याकडे रोजचं. हाडांचे डॉक्टर मणक्यातली सरकलेली चकती असं लिहितात, स्त्रीरोगतज्ज्ञ ओटीपोटातल्या संसर्गाला तेच म्हणतात. कंबर दुखते म्हणून आलेल्या बाईच्या कागदावर नुसतं 'पीआयडी' असेल तर दोन्ही अर्थ बसतात. 'आरटीए' म्हणजे रस्त्यावरचा अपघात किंवा मूत्रपिंडाचा एक विकार. 'एएनसी' म्हणजे गरोदर स्त्री किंवा रक्ततपासणीतली पांढऱ्या पेशींची एक मोजणी. 'आयसीडी' म्हणजे छातीत घातलेली नळी, हृदयाच्या ठोक्यांसाठी बसवलेलं यंत्र आणि आपलं कोडचं पुस्तकसुद्धा.

'एमएस'ची गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात मी नवीन होते. डिस्चार्ज कार्डावर 'एमएस, एएफ' एवढंच निदान होतं. त्याच आठवड्यात मज्जासंस्थेच्या आजाराचा एक पेशंट येऊन गेला होता, म्हणून मी एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस धरलं, जी३५ कोड लावला आणि संगणकातल्या सारांशात तेच नाव पूर्ण लिहिलं. ती बाई तो छापील कागद घेऊन घाटावर गेली आणि अर्धा दिवस मेंदूविकाराच्या ओपीडीच्या रांगेत बसली. तिला होता हृदयाच्या झडपेचा आजार, मायट्रल स्टेनोसिस, कोड आय०५.०. तिला दम लागत होता. शेजारच्या 'एएफ'वरून, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरून, मला शंका यायला हवी होती. आली नाही. त्या दिवसापासून कुठल्याही लघुरूपाचा अर्थ मी मनानं लावलेला नाही.

कोणती लघुरूपं अजिबात वापरू नयेत?

औषधाच्या मात्रेपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ मध्ये 'वापरू नका' अशी एक छोटी यादी लागू केली. ती मोठी नाही, आणि म्हणूनच उपयोगी आहे.

पहिला नंबर युनिटचा. इंग्रजी यू घाईत लिहिला की वरून मिटतो आणि शून्यासारखा दिसतो. मग इन्सुलिनच्या ४ युनिटचे ४० होतात. भारतात तर गोंधळ आणखी आहे, कारण एका मिलिलिटरला ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. 'आययू'सुद्धा (आंतरराष्ट्रीय युनिट) नको, त्यातला आय इंग्रजी एकच्या आकड्यासारखा दिसतो आणि पूर्ण लघुरूप 'आयव्ही'सारखं.

दुसरं, दशांश चिन्ह. पूर्ण आकड्यानंतर टिंब आणि शून्य कधीही लावू नका. ५.० मिलिग्रॅममधलं टिंब पुसट झालं की ५० वाचलं जातं. उलट, एकापेक्षा लहान मात्रेच्या आधी शून्य लिहायलाच हवं. नुसतं .५ लिहिलं तर ५ दिलं जाईल. पावसाळ्यात ओलसर झालेल्या केसपेपरवर टिंब पसरतं किंवा उडून जातं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची रासायनिक लघुरूपं. पहिलं तीव्र वेदनेवरचं, दुसरं गरोदरपणातल्या झटक्यांवरचं. दोन्ही कागदावर जवळजवळ सारखी दिसतात. दोन्ही नावं पूर्ण लिहा. बाकी औषधांच्या नावांनाही हाच नियम लावा, कुठल्याही औषधाचं नाव छोटं करू नये.

त्या यादीत 'रोज' आणि 'एक दिवसाआड' यांची लॅटिन लघुरूपंही आहेत, पण ती आपल्याकडे फारशी चालत नाहीत. आपल्याकडे जे चालतं त्याबद्दल पुढचा प्रश्न.

मग ओडी, बीडी, टीडीएस बंद करायचं का?

वॉर्डातल्या औषधाच्या चार्टवर बीडी (दिवसातून दोनदा) आणि टीडीएस (दिवसातून तीनदा) ठेवायला हरकत नाही, पण त्यांचा अर्थ हॉस्पिटलच्या यादीत छापलेला हवा. ओडी मात्र मी काढून टाकायला सांगते. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजवा डोळा, आणि कॅज्युअल्टीत जादा मात्रेची विषबाधा. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर 'ओडी' लिहिलं तर मेडिकलवाल्यानं काय समजायचं?

'एचएस' म्हणजे झोपताना, पण त्यातून निम्मी शक्ती असाही अर्थ काढला गेला आहे. 'एसओएस' म्हणजे गरज लागली तर. पेशंटला मात्र ते संकटाची हाक वाटतं आणि तो गोळी घ्यायलाच घाबरतो.

सर्वात धोक्याचं आहे आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतलं गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि जगभर असं झालेलं आहे. तिथे कोणतंही लघुरूप नको. 'दर रविवारी एकदाच' असा वार लिहा आणि पेशंटकडून बोलून घ्या.

मायक्रोग्रॅमचं ग्रीक चिन्ह चालतं का?

नाही. हातानं लिहिलं की ते मिलिग्रॅमच्या एमसारखं दिसतं आणि मात्रा हजारपट होते. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, तिथे शब्द पूर्ण लिहा.

पेशंटला समजावं म्हणून आम्ही आकडे मराठीत लिहितो. ते योग्य आहे ना?

हेतू चांगला आहे, पण एकाच कागदावर दोन्ही लिप्यांचे आकडे मिसळू नका. मराठी १ आणि इंग्रजी नऊ हातानं लिहिले की सारखे दिसतात. मराठी ४ आणि इंग्रजी आठ यांचंही तेच. परदेशी याद्यांमध्ये हे सापडणार नाही, कारण तो प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. वॉर्डाची फाईल पूर्ण इंग्रजी आकड्यांत ठेवा. घरी द्यायची औषधांची चिठ्ठी मराठीत करत असाल तर तिच्यात सगळे आकडे मराठी हवेत, आणि मात्रेशेजारी अक्षरी संख्याही लिहा. 'एक-शून्य-एक' ही पद्धत बहुतेकांना कळते, तरी 'सकाळी एक, रात्री एक' लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. वयस्कर माणूस घरी एकटा असेल तर ते दोन सेकंद द्या.

कोडिंग म्हणजे नेमकं काय, आणि लघुरूपांचा त्याच्याशी काय संबंध?

डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेल्या निदानाला ठरलेल्या वर्गीकरणातला अंक देणं म्हणजे कोडिंग. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे त्यासाठीचं पुस्तक. आयसीडी-११ २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, पण आपल्या बहुतेक हॉस्पिटलांत अजून दहावी आवृत्तीच हाताशी असते. क्लेम भरताना लागणारा आरोग्य योजनेचा पॅकेज कोड वेगळा. काय उपचार केला ते पॅकेज कोड सांगतो, कशासाठी केला ते आयसीडी सांगतो. दोन्हींचा मेळ बसला नाही की क्वेरी येते.

कोडरनं कोड लावायचा तो डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानावरून. ज्या कागदात निदान दोन-तीन अक्षरांत गुंडाळलेलं आहे, तिथे कोडर अंदाजावर जातो. तो अंदाज बरोबर आला तरी ती चूकच समजावी, कारण पुढच्या वेळी तो चुकणार आहे.

मग कोडरनं काय करायचं?

लेखी विचारायचं. 'मायट्रल स्टेनोसिस ना?' असं विचारू नका, त्यात उत्तर आपणच देतो आणि घाईतला डॉक्टर मान डोलावतो. 'कार्डावर एमएस लिहिलं आहे, कृपया निदान पूर्ण लिहून सही करावी' एवढंच लिहावं. उत्तर फाईलला लागलं पाहिजे. तोंडी विचारलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

आम्ही प्रश्नचिन्ह टाकून '?लेप्टो' लिहितो. ते चालेल?

जुलै ते ऑक्टोबर या काळात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चिखलात उतरून भातशेती करणाऱ्या माणसाला ताप आला की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार आधी होतो, आणि तो व्हायलाच हवा. भरतीच्या दिवशी प्रश्नचिन्ह लिहा, हरकत नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी ते कार्डावर राहू देऊ नका.

कारण असं की, मुक्काम संपतानाही मुख्य निदान संशयितच राहिलं आणि दुसरी काही माहिती नसेल, तर आयसीडी-१० च्या नियमांप्रमाणे ते पक्कं निदान असल्यासारखंच कोड होतं. म्हणजे तपासणी नकारार्थी आली तरी कुणी प्रश्नचिन्ह पुसलं नाही, तर तो ए२७ खाली लेप्टोचा रुग्ण म्हणून मोजला जाईल. याच्या उलटही होतं. खरा लेप्टो असलेल्या पेशंटच्या कार्डावर 'एएफआय', म्हणजे नुसता तीव्र ताप, एवढंच राहिलं तर तो आर५० च्या गठ्ठ्यात पडतो आणि तालुक्याच्या आकड्यात दिसत नाही. कोणत्या गावात प्रतिबंधक गोळ्या वाटायच्या हे त्याच आकड्यांवरून ठरतं. दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण दिसू लागले. त्याचा कोड ए९८.२. काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या कार्डावर 'केएफडी' लिहिलं तर दोडामार्गात सगळ्यांना कळेल, मुंबईच्या कॅज्युअल्टीत कळेलच असं नाही.

तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीनपैकी एक शब्द हवा: 'निश्चित', 'संशयित' किंवा 'नाकारले'. तपासणी कोणती केली आणि कधी, तेही लिहा.

नोंदीचं मोल काय असतं ते महाडला जाऊन बघावं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथे विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले, लक्षणं तपशिलात टिपली, आणि प्राझोसिनच्या उपचाराबद्दलचं त्यांचं लेखन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. रायगडच्या एका तालुक्यातल्या नोंदी जगाला वाचता आल्या, कारण त्या परक्या वाचकाला कळतील अशा होत्या.

टीबी, कॅन्सर, एचआयव्ही हे नातेवाइकांना कळू नये म्हणून सांकेतिक लिहितो. तेही बदलायचं?

होय. मनापासून सांगते, होय. 'कॉक्स', 'मायटोटिक लीजन', 'आरव्हीडी' ही लघुरूपं आणि टोपणनावं माणुसकीपोटी आली, हे मला ठाऊक आहे. लहान गावात बातमी पसरते आणि घर वाळीत पडल्यासारखं होतं. पण या संकेतानं गुप्तता राहत नाही. वॉर्डातल्या मावशींनासुद्धा 'आरव्हीडी' म्हणजे काय ते कळतं. ज्याला खरोखर कळायला हवं, म्हणजे पुढच्या हॉस्पिटलचा डॉक्टर किंवा कोडर, त्याचा मात्र गोंधळ होतो. टीबी २०१२ पासून शासनाला कळवणं बंधनकारक आहे. कागदावर 'कॉक्स' असेल तर क्लार्कच्या नजरेतून ती नोंद सुटते.

गुप्तता ठेवायची ती फाईल कोण उघडतं यावर बंधन घालून. एचआयव्हीसाठी तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. फाईलच्या वरच्या कव्हरवर, खाटेच्या पाटीवर निदान लिहू नका. आत ते स्वच्छ, पूर्ण नावानं लिहा. आणि पेशंटला स्वतःचं निदान त्याच्या भाषेत सांगा.

मृत्यूच्या दाखल्यावर 'सीआरए' लिहिलं तर?

लिहू नका. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, हॉस्पिटलातल्या मृत्यूसाठीच्या नमुना ४ मध्ये आणि घरच्या मृत्यूसाठीच्या ४-अ मध्ये, लघुरूप नको. 'सीआरए', म्हणजे हृदय आणि श्वास थांबणं, हे तर मरणाचं वर्णन झालं, कारण झालंच नाही. कशामुळे थांबलं, ते खालच्या ओळीत पूर्ण शब्दांत हवं.

आमची यादी कशी बनवायची? मोठ्या हॉस्पिटलची मागवून घेतली तर चालेल?

घेऊ नका. दोन-दोन हजार लघुरूपांची यादी कपाटात जाते. त्याऐवजी गेल्या दोन महिन्यांतली पन्नास डिस्चार्ज कार्डं काढा आणि त्यात खरोखर आलेली लघुरूपं वहीत उतरवा. साधारण शंभरएक निघतील. मग एक डॉक्टर, इनचार्ज सिस्टर, फार्मसिस्ट आणि रेकॉर्डचं माणूस यांनी एका दुपारी बसावं. प्रत्येक लघुरूपाला एकच अर्थ. दोन निघाले तर दोन्ही बाद, त्यात तडजोड नको. 'मोठे डॉक्टर असंच लिहितात' म्हणून काही ठेवू नका.

उरलेली यादी एका पानावर मावली पाहिजे. ती नर्सिंग स्टेशनवर, ओटीत, लेबर रूममध्ये आणि मेडिकलच्या काउंटरवर लावा. लॅमिनेट करा, नाहीतर पहिल्याच पावसात तिला बुरशी येते.

काही कागदांवर यादीतलंही लघुरूप चालणार नाही असं ठरवून टाका: संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, रेफरलची चिठ्ठी, मृत्यूचं प्रमाणपत्र. आणि शस्त्रक्रियेची बाजू कुठेही 'एल' किंवा 'आर' अशी नको, 'डावा' किंवा 'उजवा' हवं.

एनएबीएचसाठी (हॉस्पिटलच्या राष्ट्रीय मानांकनासाठी) हे लागतं का?

लागतं. चुका घडवणारी लघुरूपं कोणती ते हॉस्पिटलनं ठरवावं आणि औषधाच्या चार्टवर ती किती आढळतात ते मोजावं, अशी अपेक्षा असते. महिन्याला तीस चार्ट काढून मोजा. पण मानांकन घ्यायचं नसलं तरी मोजा.

सीनियर डॉक्टर ऐकत नाहीत.

त्यांना नियम दाखवून फरक पडत नाही, त्यांचंच कार्ड दाखवा. नाव झाकून, त्यांनी लिहिलेल्या पाच ओळी दुसऱ्या शाखेच्या डॉक्टरला वाचायला द्या आणि तो काय वाचतो ते दोघांनाही ऐकू द्या. मी हे अनेक ठिकाणी केलं आहे, वाद न होता काम झालं आहे. औषधं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत हा मेडिकल कौन्सिलचा २०१६ चा नियम आहेच, पण तो शेवटी काढा.

आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून येणारे डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात. तिथे काय?

ऐका, लिहा, आणि लिहिलेलं पूर्ण वाचून दाखवा. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकसारखे ऐकू येतात, तेव्हा 'एक-पाच' आणि 'पाच-शून्य' असे अंक सुटे म्हणा. किंवा सरळ मराठीत 'पंधरा' म्हणा, ते पन्नासशी गल्लत करत नाही. पुढच्या भेटीत सही घ्या.

संगणक आल्यावर हा प्रश्न सुटेल?

अर्धा. तीन अक्षरं टाकली की पूर्ण शब्द उमटेल अशी सोय करून घ्या, हात वाचतो आणि कागदही स्वच्छ राहतो. पण ती सोय तुमच्या मंजूर यादीवरूनच भरा, नाहीतर 'एमएस' टाकल्यावर संगणक चुकीचा शब्द ठासून छापेल आणि छापलेल्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात. स्नोमेड-सीटी ही वैद्यकीय संज्ञांची प्रणाली वापरायची असेल तर भारत २०१४ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे परवान्याचे पैसे पडत नाहीत. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

मी पेशंटचा मुलगा आहे. बाबांच्या डिस्चार्ज कार्डातलं काही कळत नाही. विचारलं तर चालेल?

जरूर विचारा. घरी निघण्याआधी सिस्टरांना प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून त्याच कागदाच्या मागे मराठीत लिहून घ्या. नंतर लक्षात आलं तर लेखी अर्ज द्या. भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे.

जुन्या फायलींमध्ये जाऊन लघुरूपं दुरुस्त करायची का?

नाही. जुन्या कागदाला हात लावायचा नाही, खाडाखोड तर मुळीच नको, व्हाइटनर लावायचा नाही. कोर्टात गेलेल्या केसमध्ये तर ते फार महागात पडतं. एखाद्या जुन्या पेशंटला पुन्हा भरती करताना जुनं लघुरूप आडवं आलं, तर आजच्या तारखेनं नव्या पानावर त्याचा अर्थ लिहा, ज्या डॉक्टरांनी तो सांगितला त्यांची सही घ्या आणि ते पान फाईलला पुढे लावा.